हेक्टरची अर्धी खोली

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते आहे. तुमचे भुताखेतांचे अनुभव रात्री नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि मग आम्ही दोघं मिळून हसायचो. आज मी लिहायला बसले आहे, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता म्हणा हवं तर. मी मालवण तालुक्यातली. आमच्याकडे झाड मोठं झालं की त्यावर कोणीतरी वस्तीला आलंच म्हणून समजा, आणि माझ्या सासूबाईंना त्या सगळ्यांची नावं पाठ आहेत. लग्न करून आले तेव्हा परसात कुठे उभं राहायचं नाही ते त्यांनी मला फिरून दाखवलं होतं. मी मुद्दाम तिथेच उभी राहून केस विंचरायचे. काही झालं नाही. आणि जे व्हायचं ते झालं कुठे, तर बहरीनमध्ये. टाइल्सच्या व्हिलात, चांगल्या लख्ख सकाळी, एसी चालू असताना!

माझे मिस्टर प्रकाश सित्राला एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. पहाटे कंपनीची बस येते आणि त्यांना घेऊन जाते. आम्ही राहतो मनामात. मी जनाबियाच्या एका कंपाउंडमध्ये फियोना मॅडमकडे स्वयंपाकाला जायचे. फियोना मॅडम स्कॉटलंडच्या, इथे शाळेत शिक्षिका. आई वारल्यावर त्यांनी वडिलांना आपल्याकडे आणून ठेवलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, नाव इयन. मी पहिल्या दिवसापासून त्यांना आजोबा म्हणायला लागले. तो आपला काहीतरी मानाचा हुद्दा आहे असं समजून त्यांनीही ते लावून घेतलं. त्यांचं इंग्लिश मला अर्धं कळायचं आणि माझं त्यांना पाऊण, तेव्हा इथे आमचं बोलणं मी सरळ मराठीतच लिहिते.

आजोबांचा जन्म आणि सगळी नोकरी एका बेटावरची. तिथे समुद्राच्या काठावर फार जुनी डिस्टिलरी आहे. धुराच्या वासाची सिंगल माल्ट व्हिस्की बनवतात. सगळं अजून जुन्या पद्धतीने. जव, म्हणजे आपले सातू, भिजवून मोठ्या थंड खोलीत जमिनीवर पसरायचे, मोड येऊ द्यायचे आणि मग धुरावर वाळवायचे. त्या पसरलेल्या जवांना लाकडी फावड्याने वरखाली करत राहावं लागतं, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि गोधडी होते. आजोबांनी आयुष्यभर हे उलटण्याचं काम केलं. त्यांच्या खोलीत फडताळावर त्याच डिस्टिलरीची एक बाटली होती, सील न तोडलेली.

सील न तोडण्याचं कारण म्हणजे आजोबांना वास येत नव्हता. इथे आल्यावर एक ताप आला, तापात नाक गेलं आणि ताप उतरला तरी ते परत आलं नाही. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना ठाऊक असेल, वास गेला की चवही जाते. आजोबांचं खाणं आधी अर्ध्यावर आलं, मग दोन चमच्यांवर. मी सूप केलं, खिमट केलं, बटाटे कुस्करून दिले. ते दोन चमचे घ्यायचे, माझं मन राखायला “छान आहे” म्हणायचे आणि ताट सरकवायचे. पायांतली ताकद गेली आणि व्हीलचेअर आली. डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं, असंच चाललं तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल. मॅडम माझ्यासमोर सिंककडे तोंड करून रडल्या. मला फार लागलं ते. स्वयंपाकीण घरात असताना माणूस उपाशी मरतो म्हणजे काय!

आमच्याकडे अशा वेळी एकच उपाय. नाचणीचं सत्त्व. बाळाला तेच, बाळंतिणीला तेच, म्हाताऱ्यालाही तेच. मी करून दिलं. आजोबांनी तोंडात घेतलं आणि विचारलं, “सुलू, ही माती कुठली?” मग माझ्या डोक्यात आलं की यांनी जन्मभर जव हाताळलेत, तर जवांचंच सत्त्व करू. सुपरमार्केटचे पांढरे जव भिजवले, पण त्यांना मोड काही येईनात. मला रोज सोडायला येणारे ड्रायव्हर हनीफभाई, रत्नागिरीकडचे, ते म्हणाले, “अगो, ते सोललेले असतात. सालीवाले जव घोड्याला घालतात. इथे तबेले काय कमी आहेत?” आणि त्यांनी गोणी आणून टाकली. वर विचारलं, “दारू पाडणार नाहीस ना? नाहीतर तू, मी आणि म्हातारा, तिघेही खलास!”

“सत्त्व करणार हो, पेज,” मी म्हटलं.

“घोड्याच्या चाऱ्याची? इंशाल्ला जगेल बिचारा.”

जव भिजवले, निथळले, पंच्यात बांधून पुरचुंडी नळाला टांगली, मटकीला करतो तशी. दुसऱ्या दिवशी छान पांढरी टोकं दिसायला लागली. तेवढ्यात आजोबा खुर्ची ढकलत किचनमध्ये आले. त्यांनी नळाकडे पाहिलं. खुर्चीतून हात पुरेना म्हणून मलाच पुरचुंडी काढायला लावली, एक दाणा नखाने चिरला आणि माझ्यावर असे काही ओरडले की मी त्या घरात पहिल्यांदाच त्यांचा खरा आवाज ऐकला.

“गुदमरतायत ते! जमिनीवर पसर त्यांना!”

मग काय, लाँड्रीच्या बाजूची स्टोअररूम आम्ही रिकामी केली. थंडीचे दिवस होते, शिवाय एसीही फुल लावला. फरशी धुऊन पुसून घेतली आणि गोणीतले बाकीचे जवही भिजवून दोन-तीन बोटं जाडीचे पसरले. मॅडम दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “डॅड, मोडांपुढे जायचं नाही हं. प्रॉमिस?” वडिलांच्या गालांवर आलेला रंग बघून त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

उलटायला फावडं नव्हतं. मी साडी जरा वर खोचली आणि आमच्याकडे खळ्यात वाळत घातलेल्या भातातून पाय ओढत जातात तशी पाय ओढत चालले. मागे छान नागमोडी सऱ्या पडत गेल्या. आजोबा आधी भडकले, मग हसायला लागले. “पायांनी! हेक्टरने हे पाहिलं असतं तर पुन्हा मेला असता.”

हेक्टर कोण ते मी तेव्हा विचारलं नाही. बाहेर हनीफभाई हॉर्न वाजवत होते. संध्याकाळी निघताना मी पूर्ण खोली पुन्हा एकदा पायांनी उलटली आणि दार ओढून घेतलं.

सकाळी येऊन पाहते तर खोली अर्धी उलटलेली.

नीट सांगते, कारण इथेच लोक मला थांबवून प्रश्न विचारतात. दारात उभं राहिलं की डाव्या भिंतीपासून खोलीच्या बरोबर मध्यापर्यंत जव फावड्याने उलटल्यासारखे होते. सरळ, एकसारख्या ओळी, प्रत्येक ओळ डावीकडे कललेली. मध्यापासून उजव्या भिंतीपर्यंत माझ्या पायांच्या नागमोडी सऱ्या जशाच्या तशा. घरात फावडं नाही. कचरा भरायचं प्लॅस्टिकचं सुपडं होतं, ते बाल्कनीत कोरडं पडलेलं. आजोबा कोणी धरल्याशिवाय खुर्चीतून उठू शकत नव्हते आणि खुर्ची जवांवरून गेली असती तर चाकांनी सगळं चिरडलं असतं. मॅडमना फोन केला. त्या शाळेत पोचल्या होत्या. म्हणाल्या, “मी तर दारही उघडलं नाही.”

मला वाटलं, माझीच चूक. थकून अर्धंच उलटलं असेल. पण पायांनी केलेलं काम फावड्याने केल्यासारखं कसं दिसेल? त्या संध्याकाळी मी पुन्हा सगळं उलटलं आणि निघताना स्टोअरच्या उंबऱ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळीची जाड रेघ ओढली. म्हटलं, कोण जातंय ते कळू दे. सासूबाईंनी पाहिलं असतं तर खूश झाल्या असत्या.

सकाळी रांगोळी जशीच्या तशी. एक कणही हललेला नाही. आणि आत डावी अर्धी उलटलेली.

तेव्हा मात्र मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मी आजोबांना खुर्चीसकट दाराशी आणलं आणि बोट दाखवलं. त्यांनी त्या ओळी पाहिल्या. घाबरले नाहीत. चेहरा असा झाला की बाहेरगावी गर्दीत कोणी गाववाला दिसावा.

“लबाड आहे,” ते म्हणाले. “आपल्याच वाटणीचं केलंय.”

मग त्यांनी सांगितलं. डिस्टिलरीत एका खोलीला दोन माणसं असत. एक डावखुरा, एक उजवा. डाव्या भिंतीपासून मध्यापर्यंत हेक्टर, मध्यापासून उजव्या भिंतीपर्यंत इयन. हेक्टर डावखुरा, म्हणून त्याच्या ओळी डावीकडे कलायच्या. दुसऱ्याच्या अर्ध्याला हात लावायचा नाही, तो आजारी असला तर गोष्ट वेगळी. आणि दोघांची अर्धी झाल्याशिवाय न्याहारीला कोणी बसायचं नाही. एकट्याने तर नाहीच नाही. आधी संपवणारा आपल्या फावड्यावर हनुवटी टेकून दुसऱ्याची वाट बघत उभा राहायचा. आजोबा निवृत्त झाले त्याच्या आधीच हेक्टर गेला, झोपेत.

“म्हणजे तो आता उभा आहे?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, माझा तर विश्वास नव्हता.

“उभा असणारच. आणि त्याला भूक लागली की तो फार शिव्या देतो. मला उठव, सुलू.”

मी म्हटलं पडाल, ते म्हणाले उठव. मी मागून कमरेला धरलं आणि त्यांनी ते प्लॅस्टिकचं सुपडं हातात घेतलं. उजव्या भिंतीजवळची जेमतेम हातभर ओळ झाली असेल, की घामाने चिंब होऊन ते खुर्चीत कोसळले. उरलेली अर्धी मी पायांनी पूर्ण केली. मी पाणी द्यायला वळले तर मागून आवाज आला, “न्याहारी काय आहे?”

ओट्सची लापशी होती. मीठ घालून. वाडगा रिकामा झाला. वाडगा पुसून घ्यायला त्यांनी ब्रेड मागितला. मी मॅडमना फोटो पाठवला, रिकाम्या वाडग्याचा. त्या वर्गात होत्या, पण लगेच फोन आला आणि फोनवर नुसतं नाक ओढणं. मीही रडले. आजोबा म्हणाले, “बायका काय वाडग्याला रडता!”

दुसऱ्या दिवशी हनीफभाईंनी एका बेकरीवाल्याकडून रोट्या काढायचं जुनं लाकडी फावडं मिळवून आणलं. लांब दांड्याचं, एका बाजूने जळकं. त्या दिवसापासून आजोबांची ओळ रोज थोडी लांबायला लागली. त्यांच्या ओळी उजवीकडे कलायच्या आणि प्रत्येक ओळ संपली की ते फावड्याचा कोपरा जवांत एकदा दाबायचे, छोटी खाच पडायची. मी चिडवायचे, “सही केलीत का, आजोबा?” त्यांना जमलं नाही तेवढं मी पायांनी करायचे. आणि डावी अर्धी रोज सकाळी झालेलीच असायची. मला भीती वाटायची बंद झाली. आत जाताना मी “गुड मॉर्निंग, हेक्टर” म्हणायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, “ता एसीच्या वाऱ्यान झाला असतला.”

“आणि वारो काय अर्ध्यारच लागता?” मी विचारलं. त्यावर ते जेवायला लागले.

मोड आले, आता वाळवायचे. त्यांच्याकडे दलदलीतली वाळवलेली माती जाळून धूर देतात, तिला पीट म्हणतात. बहरीनमध्ये ती कुठून आणणार? मी नारळाची सोडणं जमवली होती, हनीफभाईंनी खजुराच्या वाळक्या झावळ्या आणल्या. मागच्या अंगणात बार्बेक्यूवर जाळी ठेवली, जव पसरले आणि खाली धुमसवलं. कंपाउंडचा वॉचमन धावत आला, त्याला एक खजूर देऊन परत पाठवला. आजोबा धुराच्या अगदी जवळ बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नाकाला काही म्हणजे काही नाही.

“कसा आहे सांग,” ते म्हणाले.

मी सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांचा मूळ वास कसा तेच मला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी फडताळावरची ती बाटली मागवली आणि सील तोडलं. “तुझं नाक उसनं दे.” मी दारूला हात लावत नाही, पण वास घ्यायला काय जातं. आधी दवाखान्याचा वास आला. मग आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात भाजावळ करतात, पालापाचोळा आणि शेण जाळून, तिच्यावर कोणी पाणी मारल्यासारखा. आणि सगळ्यात शेवटी वाळत घातलेल्या बांगड्याचा.

आजोबा हसता हसता खोकायला लागले. “हेक्टर हेच म्हणायचा. फक्त तो हेरिंग म्हणायचा.” हेरिंग हाही मासाच, त्यांच्याकडचा.

मग त्यांनी एक घोट घेतला. वास आला का, मी विचारलं नाही. एवढंच सांगते की तो घोट त्यांनी पुष्कळ वेळ तोंडात ठेवला. त्या जवांचं सत्त्व मी दळून शिजवलं. धुराच्या वासाचं सत्त्व आमच्या साऱ्या घराण्यात कोणी केलं नसेल. आजोबांनी दोन वाडगे खाल्ले आणि नळीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

आणखी दोनदा आम्ही जव घातले, उन्हाळा येईपर्यंत. तोवर आजोबा काठी घेऊन चालायला लागले होते. पुढे मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते दोघं आपल्या बेटावर परत गेले. जाताना ते लाकडी फावडं आजोबांनी सामानात बांधून घेतलं. मला म्हणाले, “तुला पाय आहेत.” अधूनमधून व्हिडिओ कॉल व्हायचा. मी विचारायचे जेवलात का, आणि ते विचारायचे, “तुझी अर्धी झाली का?”

गेल्या थंडीत मॅडमचा फोन आला. रात्री पोटभर जेवले, माशाचं सूप दोनदा घेतलं आणि झोपेत गेले. मॅडमचा आवाज शांत होता. “थँक यू, सुलू,” म्हणाल्या. त्या वाडग्याचा फोटो त्यांनी अजून ठेवला आहे.

माणूस पिकलं पान होतं, सुखाने गेलं, सगळं मान्य. तरी मला जेवण जाईना. ताट वाढून घ्यायचे आणि बघत बसायचे. प्रकाशनी भजी आणली, बिर्याणी आणली, शेवटी रागावले. मला त्या घासाला चवच लागत नव्हती. मग मॅडमचं घर आवरताना मी घरी आणलेल्या डब्यात तळाशी उरलेले थोडे सालीचे जव दिसले. कशासाठी ते न ठरवताच भिजत घातले आणि मोड फुटायला लागले तसे आमच्या छोट्या खोलीत जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर पसरले. खिडकी बंद, एसी बंद, कारण थंडीच होती. झोपण्यापूर्वी सगळे पायांनी उलटले.

सकाळी प्रकाश बससाठी निघाले होते. दारातूनच ओरडले, “काय गो, ह्या काय करून ठेवलंस?”

मी येऊन पाहिलं. चादरीची डावी अर्धी माझ्या पायांच्या सऱ्यांची, होती तशीच. उजवी अर्धी उलटलेली होती. सरळ ओळी, उजवीकडे कललेल्या. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटी खाच.

प्रकाश खाली बसून ते पाहत राहिले. वाऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांची बस चुकली त्या दिवशी.

हे काय होतं, मला माहीत नाही. आजही नाही. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. तुमच्यावर विश्वास ठेवेनच असं नाही, पण वाचेन. मी तेव्हा उत्तर शोधत बसले नाही, कारण कोणीतरी फावड्यावर हनुवटी टेकून उभं होतं आणि त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं. मी साडी वर खोचली, माझी अर्धी पायांनी उलटली आणि लापशी करून न्याहारीला बसले. खरंच सांगते, कडकडून भूक लागली होती.